नुसतं बसायचं काम

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्याकडून लिहून घेतलं, तेही रेल्वेच्या कागदावर. गँगमनला कागदाशी फारसं काम पडत नाही, पण दादांनी कुठल्यातरी बाबूकडून एक कोरा ताव मागून आणला होता. घरात टेबल नसल्यामुळे तो पत्र्याच्या पेटीवर पसरला आणि मला म्हणाले, "लिही." मी लिहिलं. नाळ कापणार नाही. कपडे धुणार नाही. वार उचलणार नाही. कुणाच्या घरात मागच्या दारानं जाणार नाही. "शिळं घेणार नाही, हे राहिलं की," आई चुलीपासून म्हणाली, तर दादा म्हणाले, "ते लिहायला लागत न्हाई. ते तिला कळतंय." खाली मी सही केली, माझ्या सहीखाली दादांनी साक्षीदार म्हणून सही केली, आणि कागद भिंतीवरच्या दोन फोटोंपैकी डाव्या फोटोमागे खोचून ठेवला. आमच्या घरातलं महत्त्वाचं सगळं त्या फोटोमागे असे. माझी बारावीची गुणपत्रिका, दादांचे डोळे तपासल्याचा दाखला आणि लाइटबिल.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मी शिरूरच्या एका प्रसूतिगृहात सोबतीण व्हायचं शिक्षण घ्यायला निघाले होते. सोबतीण म्हणजे पहिली कळ आल्यापासून मूल छातीशी लागेपर्यंत बाळंत होणाऱ्या बाईजवळून न हलणारी बाई. ती दाई नव्हे, नर्स नव्हे आणि आयाही नव्हे. ती काय नव्हे हे सांगणं सोपं होतं, म्हणून मला कुणी विचारलं की मी तेवढंच सांगत असे. आता पुण्याच्या मुली हेच काम सर्टिफिकेट लावून करतात आणि त्याला डूला म्हणतात. माझ्या भाचीनं मला फोनवर फोटो दाखवला. त्यात एक मुलगी रबरी चेंडूवर बसवलेल्या बाईची कंबर दाबत होती. दाबायची जागा बरोबर होती. चेंडू मात्र आमच्याकडे नव्हता, आमच्याकडे ज्वारीचं पोतं होतं.

आम्ही दौंडला, यार्डाला लागून असलेल्या रेल्वेच्या दोन खोल्यांत राहत होतो. रात्रंदिवस डबे एकमेकांवर आदळत असत आणि त्या आवाजात आम्ही गाढ झोपत असू. आवाज थांबला की मात्र सगळी चाळ जागी व्हायची आणि "काय झालं?" म्हणून एकमेकांना विचारायची. लहानपणी ओट्यावर बसून मालगाडीचे डबे मोजणं हा माझा उद्योग होता. चाळीस, पंचेचाळीस, कधी त्याहून जास्त. मोजता मोजता वाटायचं, ही काही संपत नाही. आणि मग शेवटी गार्डाचा डबा यायचा, त्यात खुर्चीवर गार्ड निवांत बसलेला असायचा. आई बाजरीच्या भाकरी थापायची आणि कांदा घालून सुकट परतायची. सुकट परतायला घेतली की शेजारच्या बाई खिडकी लावून घेत आणि आई मुद्दाम लसणाच्या दोन पाकळ्या जास्त ठेचत असे. दादा ड्यूटीवरून आले की आधी पांढरा सदरा काढून खुंटीला लावायचे आणि मग पालथे पडायचे. रुळाखाली खडी ठोकून ठोकून त्यांची कंबर कामातून गेली होती. सदरा कामावर घालण्यासारखा नव्हताच; ते तो घालून जायचे, तिथं बदलायचे आणि पुन्हा घालून यायचे. सदऱ्यावर डाग त्यांना चालत नसे. चहाचा थेंब पडला तरी ते स्वतः उठून धुवायचे.

त्या सदऱ्याची गोष्ट मला आईनं सांगितली, सुकटीतले खडे निवडताना. माझी आजी राही, म्हणजे दादांची आई, शिरूर तालुक्यातल्या गावी बाळंतपणं करायची. हौस म्हणून नव्हे, आमच्या माणसांच्या वाट्याला आलेलं ते काम होतं. तिला मागच्या दारानं आत घेत. एकदा आत गेली की त्या घरात बाळंतिणीला हात लावणारी ती एकटीच असे, बाकीच्या लांब उभ्या राहून तिला सूचना देत. नाळ तीच कापायची, मुलामागून पडणारी वार तीच पुरायची आणि भरलेली कापडं ओढ्यावर धुवायला तीच न्यायची. कापडांचं बोचकं आठ-नऊ वर्षांचे दादा खांद्यावर घेऊन तिच्यामागून चालत. दादांकडे शाळेचा एकच सदरा होता. एकदा बोचक्यातून पाझरलं आणि ते तसेच शाळेत गेले. गुरुजींनी दिवसभर बाहेर बसवलं. पोरांनी जे म्हणायचं ते म्हटलं. पुढं आमच्या लोकांनी धर्म बदलला, ही कामं सोडली, दादा रेल्वेत लागले आणि आजीला दौंडला घेऊन आले. "तवापास्नं त्यांनी तुझ्या आज्जीला कुणाच्या बाळंतपनाला जाऊ दिलं न्हाई," आई म्हणाली. "ती रडायची. म्हनायची, मला येतंय तेवढं एकच काम." हे ऐकून मला दोघांचीही कीव आली आणि राग कुणाचा करावा ते कळेना. आईनं खडे बाहेर फेकले आणि विषय संपला.

मला खरं तर नर्स व्हायचं होतं. नंबर लागला नाही. तेवढ्यात शिरूरच्या प्रसूतिगृहाला चार मुली हव्या आहेत असं कळलं आणि मी दादांना न सांगता एसटीनं गेले. मुलाखत जाधव सिस्टरांनी घेतली. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची सवय. आम्हा अकरा जणींना त्यांनी एका बाकावर बसवलं आणि "आलेच" म्हणून निघून गेल्या. दोन तास आल्या नाहीत. मुली उठल्या, पाणी प्यायल्या, चौकशी करून आल्या, दोघी तर घरी गेल्या. मी बसून राहिले, कारण परतीच्या एसटीला तीन तास होते. सिस्टर आल्या आणि बाकावर राहिलेल्या चौघींना घेतलं. तीच मुलाखत होती. मी कारण सांगितलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा दादा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सदरा घालून माझ्याबरोबर शिरूरला आले आणि सिस्टरांपुढे उभे राहिले. सिस्टर बसा म्हणाल्या, ते बसले नाहीत.

"काम काय करायचं हाय पोरीला, ते नेमकं सांगा," दादा म्हणाले.

"बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं बसायला कुणाला येत नाही, म्हणून तर वर्षभर शिकवायचंय."

दादांनी विचार केला. "नाळ कोण कापतं?"

"डॉक्टर नाहीतर मी."

"कापडं?"

"धोबी."

दादांना धोब्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी तो कोरा ताव घेऊन आले.

शिक्षणाचा पहिला महिना आम्ही खरोखरच बसलो. कळा येणाऱ्या बाईच्या पाठीमागे स्टूल, स्टुलावर आपण. "घाबरू नको" म्हणायचं नाही, कारण ते ऐकल्यावर न घाबरलेली बाईसुद्धा घाबरते. "झालंच आता" म्हणायचं नाही, कारण ते खोटं असतं आणि तिला ते आपल्याआधी कळतं. स्वतःच्या आईचं, बहिणीचं, मावशीचं बाळंतपण सांगायचं नाही. हे सगळं न म्हणता उरतं काय, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, "हात." मग त्यांनी तिला ज्वारीच्या पोत्याला टेकवून बसवलं आणि माकडहाडाच्या वरची जागा दाखवली. तिथं तळहाताचा उंचवटा लावायचा आणि कळ चढेल तसा भार द्यायचा. मनगट ताठ ठेवायचं, दाबायचं खांद्यानं. कळ उतरली की हात सैल. "आणि एक लक्षात ठेवा," सिस्टर म्हणाल्या, "शेवटी शेवटी बाईची पाठ थरथरायला लागते. थंडी वाजत नसते, ताप नसतो, तरी थरथरते. तेव्हा काय झालं म्हणून विचारायचं नाही. हात काढायचा नाही. बस्स." डॉक्टर अगदी अखेरीस यायचे, कार्यक्रमाच्या प्रमुख पाहुण्यांसारखे, आणि सगळे उठून उभे राहायचे. आम्ही तेवढ्या उठत नसू.

शनिवारी मी दौंडला जात असे आणि दादा पालथे पडलेले असत. मला सराव हवा होता, त्यांना कंबर होती. मी काही न बोलता तळहात टेकवला तेव्हा ते दचकले, मग म्हणाले, "जरा खाली." पुढच्या शनिवारी ते स्वतःच माझी वाट बघत होते. हे कुठं शिकलीस, कशासाठी शिकलीस, हे त्यांनी वर्षभरात एकदाही विचारलं नाही. फक्त शेजारच्यांना सांगितलं की पोरगी शिरूरला हाडांचं काहीतरी शिकते आहे. आई हसत असे, पण तोंड वळवून.

डबे मोजायचं मला सुचलं ते दवाखान्यातच. कळ चढायला लागली की मी बाईच्या कानाशी म्हणायची, मालगाडी आली, मोजू या. एक, दोन, तीन. तिच्या दमाच्या चालीनं. गाडी कितीही लांब असली तरी गार्डाचा डबा येतोच, तो आला की मी हात काढीन. दौंडकडच्या बायकांना ते लगेच समजायचं. एकीनं तर मला सुनावलं की पॅसेंजर असती तर बरं झालं असतं, डबे कमी असतात. पण शिरूर तालुक्यात रेल्वेच नाही. तिथल्या बाया मला कळ थांबवून विचारायच्या, "मंजी एसटीवानी का?" एसटीला एकच डबा असल्यामुळे माझी पंचाईत व्हायची. सिस्टर म्हणाल्या, "तिच्या घरात काय मोजतात ते आधी विचारत जा." मग कुणी कांद्याचे वाफे मोजले, कुणी जात्यातले घास. एक शिक्षिका होती, तिनं हजेरी घेतली. पूर्ण वर्गाची, आडनावासकट.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. वर्ष संपत आलं होतं. पहिलटकरणींच्या घरी दिवस भरण्याआधी जाऊन यायचं, ओळख करून घ्यायची, अशी पद्धत सिस्टरांनी लावली होती. मला कवठे येमाईच्या पुढच्या एका वस्तीवर पाठवलं. वस्तीचं नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. मेंढरं घेऊन फिरणारं कुटुंब, आता जमीन कसून एका जागी राहिलेलं, तरी वाड्यात तीसएक मेंढरं होती. सून सुमन, वय वीस. तिला अजून आठ दिवस होते. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, टॉवेल आणि सिस्टरांनी दिलेलं एक बंद पाकीट होतं. पाकिटात नवं ब्लेड, दोरा आणि स्वच्छ फडकं. "अगदीच वेळ आली तर," सिस्टर म्हणाल्या होत्या. मी ते घेतलं. दादांना लिहून दिलेल्या कागदाबद्दल सिस्टरांना माहीत नव्हतं आणि पाकिटाबद्दल दादांना.

सकाळी नऊला पोचले तर सुमन गोठ्याच्या खांबाला धरून उभी होती आणि तिची सासू ठकूबाई तिला ओवा देत होती. "काल वांगं खाल्लं, पोट धरलंय," ठकूबाई म्हणाल्या. मी सुमनच्या कंबरेला हात लावला आणि थांबले. पुन्हा लावला. वांग्याला इतक्या नेमानं कळा येत नाहीत. पहाटेपासून दुखत होतं, पण शेळ्यांच्या धारा राहिल्या होत्या म्हणून ती बोलली नव्हती. तिचा नवरा मोटारसायकलवरून जीप आणायला पळाला. वस्तीवर उरलो आम्ही तिघी. घराला एकच दार होतं, त्यामुळे दादांची चौथी अट आपोआप पाळली गेली.

सुमनला आत आडोशाला बसवलं, पोत्याला टेकवलं आणि मी मागे बसले. ठकूबाई माझ्याकडे निरखून बघत होत्या.

"कुणाची गं तू?"

"दौंडची."

"दौंडला कुणी मूळचं नसतंय. गाव कंचं?"

मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"राहीची कोन तू?"

"नात."

"आगं माझ्या बाई! सुमे, राहीची नात हाय ही! आता कायबी घोर न्हाई." त्या उठल्या, विळा आणला, जुनं लुगडं आणलं आणि कोपऱ्यातली पाटी माझ्यासमोर आणून ठेवली. "ह्या घरातली समदी राहीच्याच हातची. माझा दीर, नंदा, समदी. सासू सांगायच्या, राहीवानी हात न्हाई कुनाचा. हे घे. वार आन् कापडं न्ह्यायला ही पाटी. वढा मागंच हाय."

त्या प्रेमानंच म्हणत होत्या. रागानं म्हणाल्या असत्या तर मला उत्तर सोपं गेलं असतं. माझे कान तापले, आणि त्याच वेळी आजीचं नाव इतक्या वर्षांनी कुणीतरी इतक्या मायेनं घेतलं म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं. ते खोटं कशाला सांगू?

"मावशी, मी ते काम करत नाही," मी म्हणाले.

"मंग काय करतीस?"

"बसते."

"बसाया मी हाय की," ठकूबाई म्हणाल्या.

पुढचे दोन तास त्यावर बोलायला कुणाला सवड झाली नाही. कळा जवळ जवळ यायला लागल्या आणि सुमननं श्वास रोखून दात आवळले. मी म्हणाले, मेंढरं मोजू या, वाड्यातून एकेक बाहेर पडतंय. एक, दोन. सुमननं डोळे उघडले. "अशी न्हाई मोजत," ती धापा टाकत म्हणाली, "जोडीनं मोजत्यात." मग आम्ही जोडीनं मोजली. पंधराव्या जोडीला मेंढरं संपायची आणि कळ उतरायची. एकदा संपली तरी कळ उतरली नाही, तेव्हा ठकूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "कोकरं ऱ्हायली की! कोकरं मोजा." आम्ही कोकरं मोजली. मग सुमनची पाठ थरथरायला लागली. मी काही विचारलं नाही.

जीप आली नव्हती. मूल आलं. ते झेलावं लागलं. झेलण्याबद्दल दादांनी काही लिहून घेतलं नव्हतं. मुलगी होती. टॉवेलात धरून पुसली तशी ती असं काही रडली की वाड्यातली मेंढरं ओरडायला लागली. मी तिला सुमनच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून पांघरूण घातलं आणि सुमनच्या पोटावर हात ठेवून बसले. थोड्या वेळानं वार आपोआप पडली. पोट नारळासारखं कडक लागलं, रक्त बेताचं होतं. सिस्टरांनी जे जे बघायला शिकवलं होतं ते ते मी दोनदा बघितलं. नाळ पांढरी पडून शांत झाली होती. पोरगी वारेला जोडलेलीच होती.

"काप आता," ठकूबाईंनी विळा पुढं केला.

"विळ्यानं नाही कापायची. दवाखान्यात कापतील."

"आगं, राहीची नात ना तू? घरान्याचंच काम हाय तुमच्या."

"म्हणूनच," मी म्हणाले.

माझ्या पिशवीत ब्लेड होतं. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. हल्ली डॉक्टर सांगतात की नाळेची घाई करू नये, थांबलेलं चांगलं. भाची मला म्हणते, आत्या, तू किती काळाच्या पुढं होतीस. मी काळाच्या कुठंच नव्हते. मी फोटोमागच्या कागदाला घाबरत होते आणि त्याहून जास्त त्या कोपऱ्यातल्या पाटीला. एकदा कापली की पुढचं सगळं माझ्याकडे येणार आणि ओढा मागंच होता. पोरगी गुलाबी होती, रडत होती, चोखायला तोंड शोधत होती. तेवढ्यात बांधावर जीपचा हॉर्न वाजला. मी ठरवलं की अगदीच वेळ काही आलेली नाही.

आता प्रश्न वारेचा होता. ती नाळेनं पोरीला जोडलेली आणि पोरगी आईच्या छातीवर, म्हणजे ती कुणीतरी त्यांच्याजवळ धरून न्यायला हवी. मी दुधाचं ॲल्युमिनियमचं पातेलं आणायला सांगितलं. "दुधाचं?" ठकूबाई म्हणाल्या, पण आणलं. वार त्यात कुणी उचलून ठेवायची? मी हात मागे बांधून उभी राहिले. वय एकोणीस, आणि आयुष्यात इतकी आडमुठी मी पुन्हा कधी झाले नाही.

"मावशी, मेंढी व्यायली की तुम्ही काय करता?"

"म्या काय करते? समदं म्याच करते. किती कोकरं काढली ह्या हातानं."

"मग?"

"माणसाचं यगळं आसतं."

"आत्या," सुमन झोपल्या जागेवरून सासूला म्हणाली. मूल झाल्यानंतरचे तिचे ते पहिले शब्द. "धरा की. माझंच हाय ते."

ठकूबाईंनी सुनेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग पदर खोचला आणि वार उचलली. कोकराची उचलावी तशीच, सराईत हातानं.

जीपमध्ये सुमन मागच्या बाकावर आडवी, तिच्या छातीवर पोरगी, आणि खाली तिला खेटून ठकूबाई, मांडीवर पातेलं. नाळेच्या लांबीपलीकडे त्यांना सरकता येत नव्हतं. मी सुमनच्या पोटावर हात ठेवून बसले होते, म्हणजे माझंच काम करत होते. ड्रायव्हरनं आरशातून एकदा बघितलं आणि पुन्हा आरशाकडे बघितलं नाही. प्रत्येक खड्ड्याला ठकूबाई दोन्ही हातांनी पातेलं उचलून धरायच्या आणि ओरडायच्या, "हळू रं, हिंदकळतंय!" मलठणला जीप थांबली, बाहेरची माणसं डोकावली, तशी त्यांनी पदर पसरून पातेलं झाकलं. पोरगी रडली तेव्हा तिला म्हणाल्या, "गप गं, आलं शिरूर." त्यांच्या हिरव्या लुगड्यावर मांडीपाशी मोठा डाग पडला होता. तो त्यांनी बघितला आणि तसाच राहू दिला.

सिस्टरांनी दारातच पातेलं बघितलं, ठकूबाईंना बघितलं आणि मग माझ्या पिशवीकडे बघितलं. नाळ कापली, पोरीला तपासलं, सुमनला तपासलं. सगळं ठीक होतं. मग मला ड्यूटीरूममध्ये नेलं.

"पाकीट?"

"पिशवीत."

"फोडलं का नाहीस?"

मी कागदाचं सांगितलं. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "पोरीला काही झालं असतं, तर तो कागद कुणाला दाखवला असतास?"

तो प्रश्न मला आजही अधूनमधून तितकाच लागतो. सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुला पाकीट देणार नाही. जिला कापायचं नाही तिच्याकडे ब्लेड नको. जीप आधीपासून सांगून ठेवू." मी निघाले तसं मागून म्हणाल्या, "बसलीस मात्र चांगली."

बाहेर ठकूबाई नळावर लुगड्याचा घोळ धरून डाग चोळत होत्या. पातेलं घासून पालथं घातलेलं होतं. मला म्हणाल्या, "राही आसती तर आसं केलं नसतं तिनं." मी म्हणाले, "नसतंच." त्या थोडा वेळ घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "निघत न्हाई गं लवकर. राही कसं काढायची?" मला माहीत नव्हतं.

शनिवारी दौंडला गेले. सुकट-भाकरी झाली, आई शेजारी गेली, दादा पालथे पडले. मी तळहात टेकवला आणि दाबता दाबता सगळं सांगितलं, वस्तीचं नावही सांगितलं. दादा उशीत तोंड खुपसून ऐकत होते. पाटीचं सांगितलं तेव्हा त्यांची पाठ दगड झाली.

"पातेलं कुणी धरलं?" त्यांनी विचारलं.

"सासूनं."

"कुठपर्यंत?"

"शिरूरपर्यंत."

"समदा रस्ता?"

"सगळा रस्ता. मांडीवर."

बाहेर मालगाडी आली. खिडकीचे गज थरथरले. दादांनी उशीतून तोंड वळवलं.

"लुगड्याला डाग पडला?"

"पडला."

"धुतलं कुणी?"

"तिनंच. दवाखान्याच्या नळावर."

दादा म्हणाले, "जरा खाली." मी हात खाली घेतला. तिथं त्यांची पाठ थरथरत होती. आधी मला वाटलं, हसताहेत. मग वाटलं, हसत नाहीत. खुंटीवर पांढरा सदरा लटकत होता. मी काही विचारलं नाही. बाहेरचे डबे मोजत राहिले, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. गार्डाचा डबा निघून गेला, यार्ड शांत झालं, तरी मी हात काढला नाही.